फळ्यावरचा चौथा आकडा

१

रविवारी सकाळी बिल्ला माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा जाळायच्या पीटच्या, वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, ढेकळांची टोपली तिच्या पाठीवर तशीच होती. चर्चची शेगडी पेटवायला ती आठ वाजता गेली होती.

"मावशी, बाबा चर्चमध्ये पडलेत," ती म्हणाली. "गार पडलेत."

मी शाल ओढली आणि निघाले.

मी सुन्नेवा, डेन्मार्कच्या राज्यातल्या एका बेटावरच्या स्कारवीकची सुईण. या गावात गेल्या एकतीस वर्षांत जन्मलेल्या प्रत्येकाला पहिला हात माझा लागलाय, आणि गेलेल्याला शेवटची आंघोळही मीच घालते. मेलेल्या माणसाची मला भीती नाही. पण त्रोंदूरला पाहून मी दारातच थबकले.

त्रोंदूर आमचा देक्नूर. पाळकसाहेबांकडे सहा गावं. समुद्र वाट देईल तेव्हा ते होडीनं येतात, वर्षातून आठ-दहा वेळा. एरवीच्या रविवारी प्रवचन वाचायचं आणि गाणं उचलायचं ते देक्नूरनं. अडतीस वर्षं त्रोंदूरनं पहिली ओळ एकट्यानं उचलली आणि मागून सगळ्या गावानं ती धरली. त्याच्या आधी त्याचा बाप उचलत होता, आणि बापाच्या आधी आजा.

माळ्यावर जाणाऱ्या जिन्याखाली तो उताणा पडला होता. डाव्या कानशिलावर खोल जखम होती. चर्चचा घंटावाला येनिस टोपी हातात घेऊन शेजारी उभा होता.

"घसरला," येनिस म्हणाला. "सहासष्टाव्या वर्षी माळ्यावर चढायची काय गरज होती, कोण जाणे."

मी गुडघे टेकले. अंग पायापर्यंत ताठरलेलं होतं, म्हणजे मरण कालचं, शनिवार दुपारचं. बिल्ला सप्टेंबर अखेरीपासून मावळणीकडे राहत होती, बापाशी बोलत नव्हती. म्हणून रात्रभर तो घरी आला नाही हे कुणाला कळलं नव्हतं.

पण मला खटकलं ते दुसरंच. त्याचे डोळे मिटलेले होते. पाय सरळ होते. हात छातीवर जुळवलेले, आणि त्यांच्याखाली त्याचं जुनं गीतपुस्तक. पडून मेलेला माणूस स्वतःचे डोळे मिटत नाही.

मी उठून सगळीकडे नजर फिरवली. शेगडीचे तीन कोपरे काजळीनं काळे होते. चौथा, जिन्यापासून दहा पावलांवरचा, स्वच्छ पुसलेला होता.

मग माझी नजर वेदीशेजारच्या फळ्याकडे गेली. रविवारी जी गीतं म्हणायची त्यांचे आकडे त्रोंदूर शनिवारी दुपारीच लाकडी पट्ट्यांवर लावून ठेवायचा. चर्चच्या वर्षातल्या या शेवटच्या रविवारी आमच्याकडे गीतं तीनच होतात. माझ्या लहानपणापासून तीच तीन.

फळ्यावर आकडे चार होते.

२

वाद दोन पुस्तकांचा होता, आणि तो आमच्या गावात त्या शरदात घराघरात पोचला होता.

जुनं पुस्तक आमच्या पणज्यांच्या काळात जहाजावरच्या पिठाच्या पिंपातून आलं असं म्हणतात. त्यात फक्त शब्द आहेत, काटेरी जुन्या अक्षरांतले. चाली कुठंच लिहिलेल्या नाहीत. चाली बापाच्या तोंडून लेकाच्या तोंडात आल्या, आणि येताना वाकल्या, लांबल्या. एकेक सूर इतका ओढायचा की चार कडव्यांना पाव तास लागावा. प्रत्येकजण आपापलं वळण घेणार, आणि तरी सगळे मिळून एका लाटेसारखे पुढं सरकणार. परका माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला तो कालवा वाटतो.

नवं पुस्तक पाळकसाहेबांनी सप्टेंबरात आणलं. सोपी अक्षरं, नेटक्या चाली, आणि त्याबरोबर एक हार्मोनियम. येत्या रविवारपासून, म्हणजे चर्चचं नवं वर्ष लागलं की नवं पुस्तक सुरू, असा हुकूम झाला. जुन्याचा हा शेवटचा रविवार.

"माझ्या हयातीत त्या पेटीचा श्वास या चर्चमध्ये ऐकू येणार नाही," असं त्रोंदूर दुकानाच्या पायरीवर उभं राहून म्हणाला होता. तसंच झालं.

त्या रविवारी उपासना झालीच नाही. डोंगर ओलांडून निरोप गेला आणि सोमवारी सकाळी फौजदार क्लेमिंत मोटरबोटीनं आला. जाडजूड, दमेकरी, पण डोक्यानं बरा. भरती दुपारी दोनला उतरणार, त्याआधी त्याला निघायला हवं होतं. मी त्याला आधी त्रोंदूरच्या घरी नेऊन डोळे आणि हात दाखवले, मग चर्चमध्ये शेगडीचा कोपरा दाखवला.

"म्हणजे कुणीतरी ढकललं, कोपरा लागला, मग उचलून इथं आणलं," तो म्हणाला. "आणि नीट मांडून ठेवलं. खुन्याला एवढी माया कुठून सुचली, सुईणबाई?"

"ते मला ठाऊक नाही. पण चौथा आकडा बघा."

तीनशे एकाहत्तर. मी त्रोंदूरच्या हातांखाली सापडलेलं जुनं पुस्तक उघडलं. तीनशे एकाहत्तर म्हणजे पहाटेचं गीत: सूर्य उगवला, माणसा ऊठ. भर दुपारी, उपासनेच्या शेवटी, हे कोण म्हणणार?

क्लेमिंतनं मग नवं पुस्तक उघडलं. पान सापडल्यावर ते माझ्यापुढं धरलं.

नव्या पुस्तकातलं तीनशे एकाहत्तर हे मातीचं गीत होतं. आमच्याकडे शवपेटी खाली सोडताना ते म्हणतात. पावसात, वाऱ्यात, उघड्यावर म्हणायचं, त्यामुळे तिथं पुस्तक कुणी नेत नाही. सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्या गाण्याविना इथं कुणाला मातीत ठेवत नाहीत.

एकच मयत तशी गेली होती. येनिसची मुलगी मारिन, एकोणीस वर्षांची. मार्चमध्ये ती धक्क्याच्या पायऱ्या उतरली आणि उतरतच गेली. का, ते कुणाला कळलं नाही. जो आपल्या हातानं जातो त्याला गाणं नाही, असं म्हणून त्रोंदूर कबरीपाशी तोंड मिटून उभा राहिला. तो उचलेना, म्हणून आम्ही कुणीच उचललं नाही. मीसुद्धा नाही. येनिस मान खाली घालून उभा होता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्रोंदूरच्या शेजारी बसून गात होता.

ओरडला होता तो एकटा शाळेचा मास्तर, सोफूस.

"काय ओरडला होता?" क्लेमिंतनं विचारलं.

"एक दिवस याच चर्चमध्ये हे गाणं मी तुमच्या नाकावर टिच्चून म्हणायला लावीन, असं."

क्लेमिंतनं पुस्तक मिटलं. "हा चौथा आकडा कुठल्या गाण्याचा, ते बाहेर बोलायचं नाही," तो म्हणाला. "आणि मास्तरला बोलवा."

३

सोफूस मास्तर अठ्ठावीस वर्षांचा, उंच आणि किडकिडीत. हार्मोनियम आणायला पाळकसाहेबांच्या मागे लागलेला तोच, आणि बिल्लाशी लग्न ठरवून बसलेलाही तोच. बिल्लानं बापाचं घर सोडलं ते त्याच्यापायी.

"शनिवारी चर्चमध्ये गेला होता?"

"गेलो होतो. दोनला."

"पेटी वाजवायला?"

"नाही. हे द्यायला." त्यानं फौजदाराच्या पुढ्यातल्या कागदाच्या तुकड्यांकडे बोट दाखवलं. त्रोंदूरच्या खिशात सापडले होते. जोडून पाहिलं तर दोन उभ्या रांगा होत्या: डावीकडे जुन्या पुस्तकातले आकडे, उजवीकडे त्याच गीतांचे नव्या पुस्तकातले.

"तीन आठवडे बसून केलं मी ते," सोफूस म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना शोधाशोध नको म्हणून. त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत फाडलं. म्हणाले, मास्तर, तू देवाच्या घरात भाषांतर करायला आलायस."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तुमचं पुस्तक तुमच्याबरोबरच जाणार, म्हणालो. आधी दुकानापाशीही मी हेच म्हणालो होतो; ऐकलंय ते सगळ्या गावानं."

"आणि निघालात कधी?"

"सव्वादोनला. ते फळ्यावर आकडे लावत होते. दोन लावून झाले होते, तिसरा हातात होता."

"कुणी पाहिलं तुम्हाला निघताना?"

"धुकं होतं, साहेब. मला माझेच पाय दिसत नव्हते."

"चौथा आकडा तुम्ही लावलात."

"मी फळ्याला हात लावला नाही. लावला असता तर हात तोडला असता त्यांनी माझा." मग आपण काय बोललो ते उमगून त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

तो बाहेर गेल्यावर क्लेमिंतनं खिडकीतून भरतीकडे पाहिलं.

"नवं पुस्तक वापरणारा, मयताच्या गाण्यावरून धमकी देणारा, आणि शेवटचा भेटणारा," तो म्हणाला. "सुईणबाई, मला आणखी काही लागत नाही. दोन वाजता तो माझ्याबरोबर येतोय."

"डोळे त्यानं मिटले? हात त्यानं जुळवले?"

"पश्चात्ताप सगळ्यांना होतो."

"मग मला दोन वाजेपर्यंत फिरू द्या."

"फिरा," क्लेमिंत म्हणाला. "आणि मीही येतो. थंडीत बसून माझा दमा वाढतो."

४

बिल्ला मावळणीच्या स्वयंपाकघरात बसली होती. समोर सुक्या मटणाची चकती आणि भाकर तशीच पडली होती. तिच्यात बापाचा हट्टीपणा आहे. डोळे कोरडे होते.

"त्याला नेणार म्हणे," ती फौजदाराकडे न बघता मला म्हणाली.

"तू शनिवारी कुठं होतीस, पोरी?"

"इथंच. लोकर विंचरत. विचारा आत्याला. मीही संशयात आहे का?"

"तू बापाशी अबोला धरला होतास," क्लेमिंत म्हणाला.

"अबोला त्यांनी धरला होता. मी पेटीवर बसले त्या दिवसापासून. म्हणाले, माझ्या आज्यापासून या घरात गळ्यानं गायलं गेलं, तू बोटांनी गाणार?" तिनं ताट दूर सारलं. "आणि गळ्यानं गाऊ कुठं देत होते? बाई गाणं उचलत नाही. मुलगा असते तर सगळ्या चाली मला दिल्या असत्या. आता त्या गेल्या. कुणाकडेच नाहीत."

"येनिसकडे असतील," मी म्हणाले.

"येनिसकाका दुसरी ओळ घेतात. पहिली त्यांनी कधी उचलली नाही."

"पेटीवर कधी बसायचीस?"

"बुधवारी दुपारी, शाळेत. सुरुवातीला एक सूर धड लागत नव्हता, सोफूस हसायचा. मोठ्यानं आकडा म्हणायचा आणि मग ते गीत गुणगुणत वाजवायचं, अशी सवय लावली त्यानं मला. येनिसकाका मागच्या बाकावर बसून असायचे, त्यांनासुद्धा आकडे पाठ झाले असतील, बिचारे. एवढा एकच म्हातारा माझं वाजवणं ऐकायला यायचा." ती माझ्याकडे वळली. "मावशी, बाबांच्या हाताखाली पुस्तक होतं ना? जुनंच?"

"जुनंच."

"मग ते सोफूसनं ठेवलेलं नाही. त्याला ते पुस्तक छातीवर ठेवण्यासारखं कधी वाटलंच नाही."

क्लेमिंतनं दाराबाहेर पडताना खांदे उडवले. "प्रेमात पडलेली पोरगी. साक्ष म्हणून शून्य."

५

येनिस नावेच्या छपरात होता. लांब दोरीला गळ बांधत होता, नखाएवढे बारीक, एकेक गाठ मारून दातानं धागा तोडत. छपरात उजेड जेमतेम दाराजवळ होता.

"बस, सुन्नेवा," तो म्हणाला. "साहेब, त्या पिंपावर बसा. मजबूत आहे."

"शनिवारी पाचची घंटा तू वाजवलीस?" क्लेमिंतनं विचारलं.

"चाळीस वर्षं वाजवतोय. रविवार आत यायला दार उघडावं लागतं."

"तेव्हा आत डोकावला नाहीस?"

"घंटेची दोरी बाहेरच्या पडवीत आहे. आत जायचं कारण नसतं."

"त्रोंदूरवर तुझा राग होता?"

येनिसनं एक गाठ मारली. "साहेब, आम्ही दोघं एका बाकावर वाढलो. त्यानं पहिली ओळ उचलायची, दुसरीला मी शिरायचं, मग गाव. एवढ्या वर्षांत एकदाही मी उशिरा शिरलो नाही. रागावलेल्या माणसाला हे जमत नाही."

"मार्चनंतरही?"

"मार्चनंतरही जमलं."

क्लेमिंतनं खिशातून एक कागद काढला. या शेवटच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. त्रोंदूरनं लिहून ठेवलेली यादी होती ती. "बघ जरा. कुणाचं नाव राहिलंय?"

येनिसनं कागद घेतला, तिरपा धरला, परत दिला. "चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा."

क्लेमिंतनं पाच नावं वाचली. मारिनचं त्यात नव्हतं.

"नसणारच," येनिस म्हणाला आणि पुढचा गळ उचलला.

आम्ही बाहेर आलो. वारा सुटला होता, धक्क्यावर लाटा फुटायला लागल्या होत्या. मी पाच-सहा पावलं चालले आणि उभी राहिले.

"काय झालं?" क्लेमिंतनं विचारलं.

मला एवढंच दिसत होतं: त्या अंधाऱ्या छपरातली येनिसची बोटं आणि पापणीच्या केसाएवढा धागा. चष्म्याशिवाय. आणि मग मला आठवेना की येनिसच्या नाकावर मी चष्मा पाहिला तरी कधी होता.

"साहेब," मी म्हणाले, "तिघांनाही चर्चमध्ये बोलवा. आणि मी काय विचारते त्यात मधे बोलू नका."

६

एक वाजला होता. त्रोंदूरला आदल्या दिवशीच त्याच्या घरी नेलं होतं. जिन्याखालची जागा रिकामी होती. सोफूस आणि बिल्ला एका बाकावर बसले, येनिस त्याच्या नेहमीच्या जागी, पहिल्या बाकाच्या टोकाला. त्याच्या शेजारची जागा त्यानं सवयीनं सोडली होती.

मी जुनं पुस्तक त्याच्याकडे नेलं.

"येनिस, फौजदार बाहेरगावचे. त्यांना आपलं जुनं पुस्तक ठाऊक नाही. त्रोंदूरनं फळ्यावर चौथं गीत कुठलं लावलं होतं, ते वाचून दाखव. तीनशे एकाहत्तर."

"चष्मा…"

"मोठ्या अक्षरातलं आहे. जमेल तुला."

त्यानं पुस्तक घेतलं. पानं उलटताना आकडे तो ओठात म्हणत होता. आकडे त्याला येत होते, फळ्याच्या पट्ट्या तोच तर पुसून ठेवायचा. तीनशे एकाहत्तरावर थांबला. बोट ओळीवर ठेवलं. घसा साफ केला आणि संथपणे, न अडखळता वाचायला लागला:

"माती घे गं आपलं माणूस, दिलं होतंस ते परत घे…"

बिल्लानं तोंडावर हात दाबला. सोफूस अर्धवट उठला, तेवढ्यात क्लेमिंतनं त्याला खाली बसवलं. येनिसनं पहिलं कडवं पुरं केलं, बोट खाली सरकवत, शेवटच्या शब्दापर्यंत.

"मास्तर," मी म्हणाले, "त्या पानावर काय आहे, ते बघून सांगा."

सोफूसनं वाकून पाहिलं. "पहाटेचं गीत," तो पुटपुटला. "सूर्य उगवला…"

मी पुस्तक येनिसच्या हातातच राहू दिलं.

"मी सांगते," मी क्लेमिंतला म्हणाले, पण बघत होते येनिसकडे. "हा आकडा लावणाऱ्याला मातीचं गीत हवं होतं. त्रोंदूरला ते हवं असतं तर त्यानं आपल्या पुस्तकात बघून जुना आकडा लावला असता. नवं त्यानं कधी उघडलंच नाही. मास्तरला हवं असतं, तर रविवारी सगळ्यांच्या हातात जुनीच पुस्तकं असणार हे त्याला ठाऊक होतं. दोन्ही पुस्तकांचे आकडे वेगळे, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही; तीन आठवडे बसून त्यानं तीच तर यादी केली. बिल्ला जुन्यातूनच वाचायला शिकली, तीही असं चुकणार नाही. म्हणजे लावणारा असा हवा की ज्याला नव्या पुस्तकातला आकडा माहीत आहे, पण दोन पुस्तकांत आकडे बदलतात हे मात्र ठाऊक नाही. ज्यानं तो आकडा बिल्लाच्या तोंडून ऐकला. ज्याला पुस्तक उघडून खात्री करता येत नाही, कारण पुस्तक त्यानं आयुष्यभर फक्त हातात धरलं. या गीताचा जुना आकडा त्याला त्रोंदूरच्या तोंडूनही कधी कळला नाही, कारण कबरीपाशी आकडा कुणी सांगतच नाही."

येनिसनं पुस्तक हळूच मिटलं.

"त्रोंदूरला माहीत होतं," तो म्हणाला. "मला वाचता येत नाही, हे. कुणाला सांगितलं नाही त्यानं कधी. एवढं मात्र त्याचं होतं."

७

त्यानं काहीच लपवलं नाही. क्लेमिंत लिहीत होता.

मास्तर गेल्यावर येनिस आत आला होता. उद्या नावं वाचशील, त्यात मारिनचंही वाच, आणि शेवटी एकदा तिच्यासाठी उचल, असं म्हणाला. उद्या पुस्तक मिटणार. तिच्या आईला, आजीला ज्या चालीत मातीत ठेवलं, ती चाल उद्यानंतर कुणी उचलणार नाही. मग मारिन कायमचीच गाण्याविना राहील.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तिनं वाट स्वतः शोधली, येनिस. तिला आमचं गाणं कशाला?" येनिसनं आपले तळवे पाहिले. "मी ढकललं. मारायला नाही. पण ढकललं."

"जागीच गेला?"

येनिस माझ्याकडे वळला.

"नाही. घंटेची वेळ होत आली तोवर होता."

माझं घर तिथून दोनशे पावलांवर आहे. शनिवारी दुपारभर मी घरात होते, मोजे विणत.

"मला का नाही बोलावलंस?" मी विचारलं. "येनिस, मला का नाही बोलावलंस?"

"तू आली असतीस तर तो वाचला असता."

बिल्ला उठून बाहेर गेली. सोफूस तिच्यामागे गेला.

"मी त्याच्या उशाशी बसून राहिलो," येनिस म्हणाला. "म्हटलं, आता तरी उचल. तो नुसता बघत होता. आणि मग शेवटी त्यानं उचललं, सुन्नेवा. आवाज नव्हता, नुसता श्वास, पण वळणं सगळी जागच्या जागी. पहिली ओळ पुरी केली. तिच्यासाठी की स्वतःसाठी, ते मला कळलं नाही. दुसरी मी घ्यायची असते. तो माझ्याकडे बघत थांबला."

"आणि?"

"मी घेतली नाही."

क्लेमिंतची लेखणी थांबली होती.

"मग तो गेला, आणि मला ते सोसेना. त्याला राखेतून उचललं, जिन्याखाली नीट ठेवलं, म्हणजे लोक घसरला म्हणतील. फळ्यावर आकडा लावला. म्हटलं, त्यानं उचललंय, उद्या सगळं गाव घेईल. दोघांसाठी मिळून होईल." तो उठला. "मग घंटा वाजवली."

क्लेमिंतनं कागद दुमडून खिशात घातले. दारापाशी तो थांबला.

"ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो नियम," तो म्हणाला, "जीव दिलेल्याला गाणं नाही हा… तो माझ्या बापाच्या काळातच रद्द झालाय. पाळकसाहेबांना विचारलं असतंत कुणी, तर त्यांनी सांगितलं असतं."

कुणी विचारलं नव्हतं. त्रोंदूरनं नाही, येनिसनं नाही, मी नाही.

दीड वाजता येनिस बोटीत बसला. हात बांधले नव्हते. फौजदार आणि बोटवाल्याच्या मधे तो नेहमीच्या प्रवाशासारखा बसला, मागं वळून पाहिलं नाही.

त्रोंदूरला बुधवारी माती दिली. समुद्र खवळलेला, पाळकसाहेब येऊ शकले नाहीत. शवपेटी खाली सोडली आणि आम्ही उभे राहिलो. पहिली ओळ उचलणारा शवपेटीत होता, दुसरी घेणारा फौजदाराच्या कोठडीत. बिल्लानं मग नव्या पुस्तकातल्या सरळ चालीत सुरुवात केली. म्हातारे जुन्या वळणांनी मागं ओढत राहिले, तरुण पुढं पळत राहिले. कुणाचं कुणाशी जुळलं नाही, आणि तिसऱ्या कडव्यापाशी बिल्लाचा आवाज फुटला तेव्हा गाणं तिथंच थांबलं. पुढं कुणी घेतलं नाही. माणसं माती लोटायला लागली.

त्या हिवाळ्यात बिल्ला आणि सोफूस दुसऱ्या बेटावर निघून गेले. हार्मोनियम इथंच राहिलं. आता ते दुकानदाराची सून वाजवते आणि बरं वाजवते. मारिनचं नाव पाळकसाहेबांनी पुढच्या वर्षी वाचलं. वाचताना त्यांनी ते चुकीचं उच्चारलं, कारण तिला ते ओळखत नव्हते.

येनिसला आठ वर्षांची शिक्षा झाली. डेन्मार्कमधल्या तुरुंगात तो तिसऱ्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेला आणि तिथंच त्याला पुरलं. त्याचा कुणी नातेवाईक उरला नव्हता म्हणून पत्र माझ्या नावानं आलं. मी ते सोफूसच्या जागी आलेल्या नव्या मास्तरकडून दोनदा वाचून घेतलं, कारण डॅनिश सरकारी भाषा मला नीट कळत नाही. त्यात तारीख होती, आजाराचं नाव होतं, आणि कपडे न्यायला कुणी येणार आहे का, अशी विचारणा होती. कबरीपाशी कोण कोण उभं होतं आणि त्यांनी काय म्हटलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.